तीन वाक्यांची साक्ष

मामा देवाशी भांडायचे, आणि मोठ्यानं भांडायचे. त्यांच्याविषयी काही लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

आम्ही सोलापूरहून मैसूरला आलो आणि गोकुलममध्ये त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. दुसऱ्याच दिवशी सकाळी गच्चीवरून आवाज आला, "आपण काल जे केलंत ते आम्हाला मुळीच पसंत नाही." मला वाटलं, शेजाऱ्याशी वाद चाललाय. परक्या गावात पहिल्याच आठवड्यात भांडण नको म्हणून मी दार लावून घेतलं.

माझी बायको करुणा म्हणाली, "प्रार्थना करताहेत ते."

"देवाला कोणी 'आपण' म्हणतं का?"

आम्हा ख्रिस्ती लोकांत देवाला तूच म्हणतात. मामाही एरवी तूच म्हणत, हे पुढे कळलं. 'आपण' सुरू झालं की समजायचं, वर काहीतरी बिनसलंय. मग टाकीचं झाकण आपटल्याचा आवाज यायचा, त्यापाठोपाठ एक करडं 'आमेन', आणि पाच मिनिटांनी मामा खाली अंगणात येऊन जास्वंदीला पाणी घालताना दिसायचे. चेहरा असा, की कुणाला तरी चांगलं सुनावून आलोय आणि दुपारी त्याच्याचकडे जेवायला जायचंय.

ते जुन्या मैसूरकर मराठी घराण्यातले. कोणे एके काळी त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते; आजोबांच्या वेळी घर ख्रिस्ती झालं. मामांनी सारी नोकरी एका रेशीम कारखान्यात केली. बिघडलेले माग दुरुस्त करायचे, आणि मेस्त्री म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. "आम्ही रविवारी कन्नडमध्ये उपासना करतो," ते सांगत, "पण भांडायला मराठीच बरी. कन्नडमध्ये भांडलो तर सगळ्या गल्लीला कळतं."

गोकुलममध्ये त्या वेळी घराघरांत योग शिकायला आलेले परदेशी राहायचे. मामांचा मजलाही त्यांनी मागितला होता. मामा म्हणाले, "अय्यो, ते सकाळी चारला उठून श्वास घेतात. सुम्ने, उगाच. श्वास तर मीपण घेतो, कुणाला सांगतो का? मला मराठी बोलणारं माणूस पाहिजे होतं." मला ते कधीच नावानं हाक मारत नसत. मी 'सोलापूर' होतो. "काय सोलापूर, पाणी आलं काय?" "सोलापूर, तुझी चादर वाऱ्यानं खाली पडली." करुणाला 'मगळे' म्हणत, म्हणजे लेकी. आणि आमची मुलगी वर्षाची होती, ती 'पुट्टी', म्हणजे छोटी. तिचं खरं नाव त्यांनी एकदा विचारलं आणि लगेच विसरून गेले.

कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग झाला की मामा आपली छोटी पिशवी घेऊन निघत. तिच्यात पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि तेलाची बाटली. बाकीचे लोक दिवाणखान्यात बसून सांत्वन करायचे. मामा त्या घरातला गळका नळ शोधून काढायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेला होता. एक गृहस्थ विधवेला म्हणाले, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." पंख्याखाली स्टुलावर चढलेले मामा वरून म्हणाले, "हो का? मग तुम्ही-आम्ही निवांत बसायला हरकत नाही." ती बाई त्या दिवसात पहिल्यांदाच हसली असावी. परत येताना मी म्हणालो, "मामा, असं बोलू नये." ते म्हणाले, "सरी, नाही बोलत. पण पंखा चालू झाला की नाही?"

एका वर्षी उपवासकाळात त्यांनी तक्रार सोडली. बाकी लोक चाळीस दिवस मटण सोडतात. सातव्या दिवशी मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, वर येऊन करुणाला म्हणाल्या, "घर कसं ओसाड झालंय बघ. सकाळचा आवाज नाही. मी सांगितलं त्यांना, मटण सोडा, मासे सोडा, हवं तर मला सोडा, पण बोला." ईस्टरच्या दिवशी पहाटे गच्चीवर जे काही झालं ते चाळीस दिवसांचं साठलेलं होतं. खालच्या गल्लीतून चटया काखोटीला मारून जाणारे दोन परदेशी थांबून वर बघत राहिले. त्यांनाही तो योगाचाच काही प्रकार वाटला असेल.

आता साक्षीचं सांगतो.

मैसूरात मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच. महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी आम्ही कुणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनेला जमायचो. आधी गाणी, मग साक्ष, मग पोहे आणि कॉफी. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते उभं राहून चारचौघांना सांगायचं. साक्षीला एक ठरलेला बाज असतो, तो कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना येतो. आधी संकट, मग आणखी मोठं संकट, मग अश्रूंची प्रार्थना, मग सुटका. नोकरी लागते, गाठ साधी निघते, घराचे कागद सापडतात. सगळे 'हालेलूया' म्हणतात.

मामांची साक्ष दर महिन्याला तीच असायची आणि तीन वाक्यांची असायची. ते उठत, शर्ट खाली ओढत आणि म्हणत, "माझा मुलगा हुणसूरला जातो म्हणून निघाला आणि पोचला नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. देव भला आहे." आणि खाली बसत.

चोवीस वर्षांचा मुलगा. हुणसूरला तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे कामावर रुजू व्हायचं होतं. सकाळी बसमध्ये बसला, ते कंडक्टरनंही सांगितलं. त्यापुढचं कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही आलो तेव्हा या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली होती. एकदा कुणीतरी मामांना सांगितलं, हुणसूरच्या पुढे बैलकुप्प्याला, तिबेटी वसाहतीच्या बाजारात तुमच्या मुलासारखा माणूस पाहिला. मामा गेले, दोन दिवस राहिले आणि एक जाडजूड लोकरीचा स्वेटर घेऊन परतले. मैसूरात, मे महिन्यात, तो घालून ओसरीवर बसले. मामींनी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "तो माणूस स्वेटर विकत होता. चांगला होता बिचारा. आपला नव्हता, अष्टे, एवढंच."

त्या साक्षीपाशी आमचा प्रार्थनागट दर महिन्याला अडखळायचा. तिथे हालेलूया कुठे म्हणायचं, कुणालाच कळत नसे. बँकेतून निवृत्त झालेले एक ब्रदर गट चालवायचे. ते एकदा मामांना बाजूला घेऊन म्हणाले, "मेस्त्री, नवीन लोक येतात. शेवटी काहीतरी आशेचं घाला की."

"घालतो ना, ब्रदर. देवानं मला सांगावं, मी लगेच घालतो."

"पण दर वेळी 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे..."

"मग काय म्हणू? कळलं म्हणू?"

ब्रदरांनी पोह्यांची बशी उचलली. मी मनातून ब्रदरांच्या बाजूचा होतो. मला साक्ष नीट हवी असायची. मी कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. वस्तू सगळ्या बाजूंनी बरोबर असली की शिक्का मारायचा, ही माझी सवय. मामांची साक्ष मला एका बाजूनं फुटलेली वाटायची.

पुट्टी दोन वर्षांची असताना करुणाचे वडील सोलापूरला आजारी पडले. ती गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं गेली, पुट्टीला माझ्याकडे आणि मामींकडे ठेवून. शुक्रवारी सकाळी पुट्टीला ताप आला. मामी म्हणाल्या, "डॉक्टरला दाखव रे." शनिवारी आमच्याकडे बेंगळुरूहून तपासणीला वरिष्ठ येणार होते, त्यावर माझी बढती अवलंबून होती. मी म्हणालो, "फोन केला होता मामी. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, दोन दिवस बघा." मी कुणालाही फोन केलेला नव्हता. शनिवारी दुपारी तपासणी चालू असताना ऑफिसात मामींचा फोन आला. पुट्टीला झटके आले होते, आणि मामा तिला उचलून रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते.

मेंदूज्वर होता. ती वाचली. कान गेले, दोन्ही. कानाच्या आतल्या भागाचंच हाड झाल्यामुळे ऐकण्याचं यंत्र बसवूनही उपयोग होणार नाही असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

करुणा आली तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. शुक्रवारी सकाळी फोन केला, डॉक्टर म्हणाले दोन दिवस बघा. कुठला डॉक्टर? ऑफिसातल्या एकानं नंबर दिला होता, नाव लक्षात नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग त्या डॉक्टरवर रडली.

हे लिहिणं मला जड जातंय, पण टाळण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत माझी बायको म्हणायची, "प्रभू, त्या डॉक्टरला क्षमा करायला मला बळ दे." जो डॉक्टर नव्हताच, त्याला क्षमा करायला ती रोज झगडत होती. काही दिवस तिला जमायचं, काही दिवस जमायचं नाही. मी शेजारी बसून 'आमेन' म्हणायचो.

असं वर्ष गेलं. मग एका शनिवारी मामांच्याच घरी प्रार्थना होती आणि ब्रदर म्हणाले, "आज सोलापूरच्या आपल्या बंधूंनी साक्ष द्यावी. लेकरू मरणाच्या दारातून परत आलं आहे." मी उभा राहिलो. बसूनही राहता आलं असतं. ती साक्ष मला अजून पाठ आहे. ताप, फोन, डॉक्टरची चूक, झटके, अतिदक्षता विभागाबाहेरची रात्र, आणि शेवटी, "आम्ही त्या डॉक्टरला मनापासून क्षमा केली आहे." बायका डोळे पुसत होत्या. करुणा रडत होती. ब्रदरांचा हालेलूया गल्लीत ऐकू गेला असेल. माझ्यानंतर मामा उठले, शर्ट खाली ओढला, आपली तीन वाक्यं म्हणाले आणि बसले. मला वाटलं, मी त्यांच्यापेक्षा बरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. टाकीचा कॉक बदलायचा होता. मी पाना धरला.

"साक्ष फार छान झाली, सोलापूर."

"थँक्यू मामा."

"कारखान्यात एखादं कापड असं निघायचं. एक गाठ नाही, एक तार तुटलेली नाही. ते बघितलं की मी माग बंद करायचो. कुठंतरी कुणीतरी काहीतरी लपवलंय." त्यांनी कॉकवरची धूळ फुंकली. "फोन कुठनं केलास?"

"कुठला फोन?"

"डॉक्टरला. तुझा फोन तर माझ्या तांदळात होता."

मी पार विसरून गेलो होतो. गुरुवारी करुणाला स्टेशनवर सोडून आल्यावर माझा फोन बादलीत पडला होता. मामांनी तो पुसून आपल्या तांदळाच्या डब्यात पुरला आणि शनिवारपर्यंत झाकण उघडायचं नाही असं मला बजावलं होतं.

"मामींना माहीत आहे?"

"तिचं लक्ष नव्हतं. पुट्टीकडे होतं."

"मग तुम्ही वर्षभर बोलला का नाही?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. स्वल्प जास्तच थांबलो, ती माझी चूक."

मी टाकीच्या कठड्यावर बसलो. मग जे वर्षभर कुणाला बोललो नव्हतो ते बाहेर आलं. मी म्हणालो, मला ठाऊक आहे मामा हे का झालं. मी बढतीच्या मागे होतो, म्हणून देवानं मला शिक्षा केली. माझ्यामुळे तिचे कान गेले.

"तुला शिक्षा करायला देवानं तिचे कान घेतले?" मामांनी पाना माझ्या हातून घेतला. "एवढा वाईट तर आमचा मॅनेजरपण नव्हता."

"चेष्टा करू नका मामा."

"चेष्टा नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलंस? शुक्रवारी नेलं असतं तर कान राहिले असते?"

"विचारलं. म्हणाले, राहिलेही असते. नक्की सांगता येत नाही."

"नोडु, बघ. डॉक्टरला सांगता येत नाही. देव सांगत नाही. आणि सोलापूरला सगळं ठाऊक आहे."

मला रडू फुटलं होतं आणि त्यातच हसू आलं, आणि त्या हसण्याचीही लाज वाटली. मामा कॉक फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला थोबाडीत मारली. चोवीस वर्षांच्या मुलाला. काय तर म्हणे उशिरा उठला. पहिली दोन वर्षं मी म्हणत होतो, म्हणून तो आला नाही. माझ्यामुळे. बरं वाटायचं."

"बरं?"

"हो की. कारण मिळालं ना. मग देवाला विचारायचं काही उरलंच नाही. दोन वर्षं प्रार्थना बंद. मामीला विचार. घरात मी अन् माझी थोबाडीत, दोघंच. मग एकदा मनात आलं, मला काय ठाऊक? मारलं मी, ते माझं. तो का आला नाही, ते ह्याला ठाऊक." त्यांनी पान्यानं आभाळाकडे दाखवलं. "तेव्हापासून परत भांडतो. जो नाहीच त्याच्याशी कोण भांडेल, सोलापूर?"

खाली मामींनी कुकर लावला होता. शिट्टी झाली. मामा म्हणाले, "खोटं बोललास ते तुझं. ते खाली जाऊन मगळेला सांग. बाकीचं वर विचारू. मीपण येतो विचारायला."

"ती मला सोडून जाईल मामा."

"जाईल कदाचित."

मला वाटलं होतं ते 'नाही जाणार' म्हणतील. त्यांनी तेवढाही आधार दिला नाही. त्या माणसाला जे ठाऊक नसेल ते तो सांगत नसे. हाच त्यांचा दुर्गुण होता.

करुणा चर्चसाठी पुट्टीच्या वेण्या घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोन केला नव्हता. कुणालाच नाही. तिनं वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि मग विचारलं, "डॉक्टर नव्हताच?"

"नव्हता."

"कुठलाच नाही?"

"नाही."

"मी रोज..." ती थांबली. "आणि तू शेजारी बसून आमेन म्हणत होतास."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुट्टीला कडेवर घेऊन ती खाली मामींकडे गेली आणि एकोणतीस दिवस वर आली नाही. त्या एकोणतीस दिवसांत मामांनी तिला समजावलं नाही आणि मलाही धीर दिला नाही. रोज सकाळी गच्चीवर मात्र 'आपण' चालू होतं. मी खोलीत पडून ऐकायचो. "आपल्याला हे दोघं दिसतात की नाही? दिसत असतील तर दिसतात असं तरी कळवा." एके दिवशी मीही वर गेलो आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मला भांडता येत नव्हतं. मामा म्हणाले, "सुम्ने, नुसता उभा राहा. हजेरी लागते."

पुढच्या महिन्याच्या प्रार्थनेत मी न बोलावता उठलो आणि आधीची साक्ष परत घेतली. फोनचं सांगितलं, आमेनचंही सांगितलं. हालेलूया कुणी म्हटला नाही. ब्रदरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्या दिवशी पोहे फार लवकर वाढले गेले. करुणा मामींजवळ बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण दोन दिवसांनी जिन्यावर तिची पावलं वाजली. दारातूनच म्हणाली, "शनिवारपासून पुट्टीचा खुणांच्या भाषेचा वर्ग आहे. आईवडील दोघांनाही शिकावं लागतं. तू येणार आहेस का?"

"येतो."

"वेळेवर ये," ती म्हणाली आणि आपली बॅग आत आणून ठेवली.

मामा गेल्या वर्षी गेले. झोपेतच. त्यांना हे आवडलं नसतं. शेवटचं बोलायला मिळालं नाही. दफनाच्या वेळी ब्रदर, आता तेही थकलेत, प्रेमानं म्हणाले, "आज आपले मेस्त्री आपल्या लाडक्या लेकाला भेटले असतील." मामी काठी टेकत पुढे झाल्या. "ब्रदर, मुलगा तिकडं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी अजून वाट बघते आहे. हे जिथं गेलेत ते मला माहीत आहे. मुलाचं माहीत नाही. तेवढं नीट म्हणा." ब्रदरांनी ते नीट म्हटलं. मग पुट्टीनं, आता चौदा वर्षांची आहे, मूठभर माती टाकली आणि मामांसाठी हातांनी काहीतरी बोलली. मला निम्मंच समजलं. ती आणि करुणा माझ्यापेक्षा फार भराभर बोलतात.

परत येताना पुट्टी मामींचा हात धरून पुढे चालत होती. आम्ही दोघं मागे होतो. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"करुणा, तू मला क्षमा केलीस का?"

ती म्हणाली, "बरीचशी केली आहे."

"आणि उरलेली?"

"उरलेली राहू दे अजून. सगळी झाली की तू लगेच साक्ष द्यायला उभा राहशील."